वाकड्या पात्यांचे वामनभाऊ

वामनभाऊ माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी हाताकडे बघत. मनगटापासून कोपरापर्यंत जितके केस जास्त, तितका तो माणूस त्यांच्या कामाचा. मी तलमडुगूच्या शाळेत बदलून आलो आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत सामान टाकलं, त्याच दिवशी त्यांनी मला चहा पाजला, गाव विचारलं आणि सहज म्हणाले, "सर, डावा हात द्या बरं जरा." भविष्य सांगतात की काय, म्हणून मी तळवा पुढे केला. त्यांनी तो पालथा केला, खिशातून वस्तरा काढला आणि पाणी ना साबण, चार बोटं रुंदीचे केस साफ केले. "लागली धार," एवढं म्हणून त्यांनी माझा हात मला परत दिला.

स्वतःचे दोन्ही हात त्यांनी केव्हाच संपवले होते. त्यानंतर त्यांच्या मंडल कार्यालयातला शिपाई संपला, मग इतर कारकून. शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी माझा हात उलटासुलटा करून पाहिला आणि गंभीर चेहऱ्यानं मलम लिहून दिलं. मी ते मुकाट्यानं पंधरा दिवस लावलं, कारण खरं कारण सांगितलं असतं तर त्यांनी वेगळंच औषध दिलं असतं.

वामनभाऊ महसुलात कारकून होते. टेबलावर पहाण्यांचे, म्हणजे तिकडच्या सातबाऱ्यांचे, गठ्ठे आणि खणात, शिक्क्यांच्या शेजारी, तेलकट फडक्यात गुंडाळलेला धारेचा दगड. त्या काळात सलूनवाले अर्धं ब्लेड मोडून घालायचे नवे वस्तरे वापरू लागले होते आणि जुने टाकून देत होते. वामनभाऊ आठवडी बाजारात फिरून ते गोळा करत. त्यातही चांगला निघाला तर त्यांचा चेहरा पडे. "चांगल्याले धार कोनीबी लावते," असं त्यांचं म्हणणं. त्यांना हवा असे तो मधे पोट खपाटीला गेलेला, एका अंगानं झिजलेला, टोकाशी उचललेला.

असलं पातं दुसरा कोणी घासून सरळ केलं असतं. वामनभाऊ करत नसत. ते मनगट हळूहळू वळवत पातं दगडावरून असं नेत, की धारेचा प्रत्येक भाग आपापल्या पाळीनं दगडाला टेकावा. पातं वाकडं ते वाकडंच राही आणि तरी कापे. "दाबू नोका. दाबलं का बिघडलं," हे त्यांचं पालुपद. ते वस्तऱ्याबद्दल होतं, माझ्या वर्गातल्या पोरांबद्दल होतं आणि एकदा जोरात शिक्का मारणाऱ्या तहसीलदारांनाही त्यांनी तेच सुनावलं होतं. याच साहेबांनी फाइल मागितली तेव्हा, "दोन मिनिटं सायेब, धार येऊन राह्यली," असं ते म्हणाले, जणू बसनं पाहुणा येतोय. साहेब थांबले. साहेबांचाही डावा हात तोवर गुळगुळीत झालेला होता.

शिक्षकांच्या खोलीत मी त्यांच्या नकला करत असे आणि त्या चांगल्या वठत.

मग एका गुरुवारी पोचन्ना आला. वामनभाऊंचं मूळ गाव बाजारहत्नूरच्या अंगाला, तिथला हा म्हातारा न्हावी. त्यानं धोतराच्या सोग्यातून आपल्या वडिलांचा वस्तरा काढला. झिजून झिजून ज्वारीच्या पात्यासारखा झालेला. रविवारी दुपारी त्याच्या पणतवाचं जावळ होतं आणि ते त्याला याच वस्तऱ्यानं करायचं होतं. त्याची मुलं म्हणत होती, धार नीट नसेल तर लेकराजवळ यायचं नाही.

"लेकराच्या डोक्याचं काम हाय, वामन," पोचन्ना म्हणाला.

वामनभाऊंनी वस्तऱ्याकडेच बघत त्याला रविवारी सकाळी यायला सांगितलं. गुरुवार गेला, शुक्रवार गेला, त्यांनी दगड काढला नाही. झिजलेला वस्तरा हाती असून हा माणूस स्वस्थ बसलेला मी प्रथमच पाहत होतो. शनिवारी शाळा सुटल्यावर मी विचारलंच.

"ह्या वस्तऱ्यानं साऱ्या गावाची दाढी केली, सर," ते म्हणाले. "आमच्या बाची नाई केली. आमच्या लोकाईले पोचन्ना शिवत नव्हता."

बा म्हणजे त्यांच्या मागच्या खोलीत बाजेवर असलेले, डोळे गेलेले किसनबाबा. तरुणपणी ते दुसऱ्याच्या शेतात राबत. पोचन्नानं उकिरड्यावर टाकलेला एक वाकडा वस्तरा त्यांनी उचलला होता, तो ओढ्यातल्या दगडावर घासून ते अंदाजानं दाढी करत आणि रक्त पुसत. वाकड्या पात्याला धार कशी आणायची, ते वामनभाऊ लहानपणी तिथे शिकले.

माझ्या गावी आमच्या ओसरीवर न्हावी दर आठवड्याला येत असे. तो कुणाच्या ओसरीवर जात नाही, हे मी कधी विचारलं नव्हतं. मला माझ्या नकलांची लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, वस्तरा तसाच परत देऊन टाका.

वामनभाऊ माझ्यावर एकदाच रागावले, ते तेव्हा. "लेकरानं काय केलं?" असं म्हणून त्यांनी दगड काढला.

रविवारी पहिल्या बसनं पोचन्ना आला आणि ओसरीवर बसला. परतीची बस नऊची होती. ती चुकली तर अकराची, आणि तिनं जावळ जेमतेम गाठता आलं असतं. वामनभाऊंचा पत्ता नव्हता. वहिनींनी चहा दिला आणि मला त्यांना बोलवायला आत पाठवलं.

मागच्या दारात उन्हाला किसनबाबा खुर्चीवर बसले होते. तोंडाला साबणाचा फेस, आणि वामनभाऊंच्या हातात तो वस्तरा.

"कोनाचा रे हा?" बाबांनी विचारलं.

"पोचन्नाचा."

मला वाटलं, बाबा आता हात झिडकारतात. त्यांनी हनुवटी वर केली, मान ताणून धरली.

"मंग सावकास कर," ते म्हणाले. "घाई काऊन करून राह्यला?"

मी बाहेर आलो आणि पोचन्नाला म्हणालो की जरा वेळ लागेल. त्याचा कान दाराकडे होता. वाढलेल्या दाढीवरून वस्तरा फिरल्याचा आवाज ओसरीपर्यंत येत होता.

"आत किसन हाय काय?" त्यानं विचारलं.

मी हो म्हटलं. त्यानं चहाची बशी खाली ठेवली, पाय वर घेतले आणि तो भिंतीला टेकून बसला.

"होऊ द्या," तो म्हणाला. "मी बसतो."

कोपऱ्यावर नऊच्या बसनं हॉर्न दिला, ती थोडी थांबली आणि निघून गेली. पोचन्ना उठला नाही.