विहिरीजवळचं टेबल

"आज व्याह्याच्या तोंडून 'वा' निघालं नाय, तर नावाचा काकासाहेब नाय," असं पुंडलिकनगरातल्या अख्ख्या गल्लीला ऐकवून काकासाहेब गाडीत बसले.

कारणही तसंच होतं. लेकीला सासरी पोचवायला मालवणला गेले, तेव्हा व्याही दाजी मयेकर सुरमईचा तुकडा मोडत भरल्या पंगतीत म्हणाले होते, "तुमच्याकडे कसले मासे? डबक्यातले." तो काटा काकासाहेबांच्या घशात अजून अडकलेला होता. आता दाजी वेरूळ बघायला आले होते, आणि वेरूळच्या आधी जायकवाडीच्या नाथसागरावरची मासळी, हे ठरलेलंच होतं.

जायकवाडी धरणात काकासाहेबांचं गाव गेलं, शेत गेलं. दुसरा माणूस हळहळला असता. काकासाहेब मात्र सगळा जलाशय आपल्या सातबाऱ्यावर असल्यागत बोलायचे. "आमचं पाणी. आमचे मासे."

काठावर मोहियोद्दीनभाईंचं मासळीचं हॉटेल होतं. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की भाई टेबलंही त्याच्या मागं न्यायचे. गिऱ्हाइकाला पाण्याकाठचं जेवण कबूल केलं म्हणजे केलं. त्या रविवारी टेबलं पार खाली गेली होती. हिरव्या जाळीखाली मंडळी बसली, गार वारा सुटला होता, आणि काकासाहेबांना शेजारी गाळातून वर आलेला दगडी काठ दिसला.

ते ताडकन उठले. "अगं, ही तात्यासाहेबांची विहीर!"

त्यांच्या पत्नी द्वारकाबाईंनी डोळे बारीक करून पाहिलं. "व्हय की. ह्याच दगडावर मी धुणं आपटलंय."

"पाव्हणं, तुम्ही हॉटेलात नाय, आपल्या शेतात बसलाय," काकासाहेबांची छाती फुगली. "आमच्या वडलांचा, तात्यासाहेबांचा दंडक होता. शेतात आलेला माणूस उपाशी जायचा नाय, अन् तो जेवल्याबिगर मालकानं घास घ्यायचा नाय."

इब्राहीम वेटर तळलेली मरळ घेऊन आला. काकासाहेबांनी ताट त्याच्या हातातून काढून घेतलं आणि स्वतः वाढायला लागले. "घ्या, लाजू नका. वामीचा रस्सा घ्या. भाकरी कुस्करा."

"अहो, तुम्हीपण बसा," दाजी म्हणाले.

"बसतो की. आधी तुमचं होऊ द्या."

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून हाक आली, "ओ काका, इकडं दोन भाकरी."

आता शेतात आलेल्या माणसाला नाय कसं म्हणणार? काकासाहेबांनी भाकरी नेली. तिसऱ्या टेबलाला कांदा पाहिजे होता, चौथ्याला लिंबू. एकाला नको नको म्हणताना त्यांनी मरळीचे तुकडे वाढले. इब्राहीम गल्ल्याजवळ स्टुलावर बसून निवांत वारा घ्यायला लागला.

इकडे दाजींचा हात थांबला. ते द्वारकाबाईंकडे वळून हळूच म्हणाले, "वहिनी, एक विचारू? सगळ्या गावाला वाढतायत, पण स्वतः मासा तोंडाला लावत नाहीत. कुठंतरी पाणी मुरतंय." आणि त्यांनी ताट बाजूला सारलं.

द्वारकाबाईंना घामच फुटला. त्यांनी तिथूनच आवाज दिला, "अहो, या इकडं! पाव्हण्यांना वाटतंय मासा नासका हाय."

काकासाहेब कांद्याची बशी घेऊन पळतच आले. "नासका? आमच्या पाण्यातला? इब्राहीम, आण रे मरळ, यांच्यासमोर खातो."

"खतम, काका," इब्राहीम स्टुलावरूनच म्हणाला. "आखरी प्लेट तो आपच देके आए."

काकासाहेबांचं तोंड एवढंसं झालं. वाढून वाढून अब्रूच वाढून टाकली होती. शेवटी त्यांनी दाजींच्या ताटातलाच एक तुकडा उचलला, वडलांच्या विहिरीकडं बघून मनात माफी मागितली आणि काट्यासकट चावला. डोळ्यांत पाणी आलं, पण चेहरा हसरा ठेवला.

दाजींनी थोडा वेळ वाट पाहिली. व्याही जिवंत आहे असं दिसल्यावर ताट पुढं ओढलं. मग मात्र ते थांबले नाहीत. रस्सा संपला, भाकरी संपली, ताट असं लख्ख झालं की घासायची गरज नव्हती. पण "वा" काही निघालं नाही. निघताना मोहियोद्दीनभाई काकासाहेबांचा हात धरून म्हणाले, "अगले इतवार भी आना, काकासाहेब. गिऱ्हाइक आपको पूछेंगे." दाजींनी ते ऐकलं आणि नुसती मान डोलावली.

दाजी मालवणला पोचले आणि लेकीचा फोन आला.

"बाबा, मामंजी सगळ्या आळीत सांगत सुटलेत, असा मासा समुद्रातसुद्धा मिळत नाही म्हणून."

काकासाहेबांनी फोन स्पीकरवर टाकला आणि गॅलरीत गेले, गल्लीला ऐकू जावं म्हणून.

"पण बाबा," लेक रडवेली झाली होती, "तुम्ही हॉटेलात वाढप्याचं काम करता, ते आम्हाला का नाही सांगितलं? मामंजी म्हणतात, बिचारे लाजून आपलं शेत आहे म्हणत होते."

खाली गल्लीत सगळे वर बघत होते. काकासाहेबांनी घसा खाकरला.

"ते राहू दे. समुद्रातसुद्धा मिळत नाय म्हणाले ना? जरा मोठ्यानं सांग परत."