ट्यूब अंतिम अवस्थेत आहे

उधन्यातल्या एका साडी मिलचे मालक भूपेंद्रशेठ अत्यंत साधे आहेत. ते साधे आहेत हे सर्वांना कळावं म्हणून त्यांनी व्हिडिओ काढणारी तीन पगारी माणसं ठेवली आहेत.

शेठ टूथपेस्टची ट्यूब कधी टाकून देत नाहीत. संपत आली की ती बंगल्यावरून मोटारीने, सुरक्षारक्षकासह मिलमध्ये येते. कापडाला इस्त्री करणारं दोन अजस्र रुळांचं मशीन दोन तास थंड केलं जातं आणि मशीनवाला निंबा ती त्यातून दाबून काढतो. दीड दाताला पुरेल इतकी पेस्ट निघते. ती ब्रशवर घेऊन मोटार परत जाते.

निंबाने रजेचा अर्ज दिला: शुक्रवारी अमळनेरला मुलीचा, गायत्रीचा साखरपुडा. उत्तर लेखी आलं. ‘ट्यूब अंतिम अवस्थेत असल्याने रजा मंजूर करता येत नाही.’

निंबाच्या बायकोने, उषाबाईने, कपाळावर हात मारला. “तुमना शेठले कातर द्या ना! आपले काय मशीन लागस का?”

निंबा कात्री घेऊन थेट केबिनमध्ये गेला. ट्यूब मधोमध कापली, आत बोट फिरवलं. चार दिवसांची पेस्ट निघाली. शेठचे डोळे भरून आले.

“निंबाभाई, आज तक मैं कितना उडाऊ था!”

“मग शेठ, शुक्रवारची रजा?”

“अरे, पहले वीडियो!”

चित्रीकरणाला दर वेळी संपत आलेली ट्यूब हवी. तशी बाजारात मिळत नाही. म्हणून चारशे भरलेल्या ट्यूब आणून गटारात रिकाम्या करण्यात आल्या. तज्ज्ञ म्हणून हे काम निंबाकडे आलं. शुक्रवारी दुपारी फेस रस्त्यावर पोचला, तेव्हा निंबा खोक्याला टेकवलेल्या मोबाईलवर साखरपुडा बघत होता.

“पप्पा, हात तरी हलवा!” गायत्री म्हणाली.

त्याने कोपरापर्यंत पांढरा झालेला हात हलवला आणि ढसाढसा रडला. डोळ्यांत पेस्ट गेली, असं त्याने सुपरवायझरला सांगितलं.

‘एवढा मोठा माणूस, पण किती साधा!’ असं लिहून तो व्हिडिओ तुम्हीही परवा घरच्या ग्रुपवर पाठवलात. कात्री धरलेले हात कोणाचे, हे तुम्ही विचारलं नाहीत. तुमच्या बाथरूममध्येही तशीच कापलेली ट्यूब होती. पाहुणे येणार म्हणून तेवढी तुम्ही आरशामागे लपवलीत.