दसारामभाऊंची तालीम

"तुमच्या घरात सगळ्यात गंभीर मानूस कोन?" दारात उभं राहून दसारामभाऊंनी विचारलं. मी छाती फुगवून स्वतःकडे बोट दाखवलं. चूक झाली ती इथेच.

ते समोर बसले आणि त्यांच्या त्या लाकडी चेहऱ्यानं म्हणाले, "माह्या लग्नात फोटोवाला म्हणे, हासा. मी म्हनलो, लगन माह्यं हून राह्यलं, तुले काय जाते? तूच हास."

चहा माझ्या नाकातून बाहेर आला.

"नापास. तुमचा काही उपेग नाही, भाऊ. वयनीले बोलवा."

दसारामभाऊ आमच्या गल्लीतले. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते, तिथल्या नाटकांत तीस वर्षं त्यांनी विनोदी कामं केली. तिरोडीपासून राजेगावपर्यंत लोक हसून हसून लोळले, हे मात्र कधी हसले नाहीत. एकदा नायक ऐन प्रवेशात संवाद विसरला. हवालदार झालेले दसारामभाऊ शांतपणे त्याला म्हणाले, "आठवन आली का सांगजो. मी इथंच हावो." पुढचं नाटक बराच वेळ सुरूच होईना.

नवा संवाद ते आधी बायकोला ऐकवत. ती सहजी हसणाऱ्यांतली नव्हती. "ती हासली का संवाद पक्का," ते सांगत. "मंग तो घरी पुन्हा म्हनाचा नाही." मागच्या उन्हाळ्यात ती गेली. मुलगा रायपूरला.

"भिंतीले बी म्हनून पाह्यलं," ते मला म्हणाले. "भिंत हासत नाही, ठीक हाये. पन काहून नाही हासली, थे बी सांगत नाही."

यंदा राजेगावच्या मंडईत आपलं काम आहे, असं सांगून ते रोज चार वाजता यायला लागले. रोज तोच फोटोवाल्याचा संवाद. कधी जरा थांबून, कधी नुसती मान वळवून. माझी बायको लसूण सोलत ऐकायची. तिचा चेहरा असा, की दसारामभाऊंनीच तिच्याकडे शिकवणी लावावी.

"नाही जमलं, भाऊजी. उद्या पाहू."

ते समाधानानं उठत. चपला घालायला मात्र फार वेळ लावत.

तीन आठवडे झाले. "अवं, हास ना एकखेप!" मी वैतागलो. "म्हाताऱ्याचं नाटक तोंडावर आलं!" तिनं मलाच लसूण सोलायला बसवलं.

मग कामानिमित्त राजेगावला गेलो, तेव्हा नाटकवाल्याला सहज विचारलं. तो म्हणाला, "दसारामजी? उनको तो दो साल से नहीं बुलाया, भाऊ. अब पब्लिक को डान्स होना."

घरी आलो तेव्हा दसारामभाऊ नुकतेच गेले होते. बायको स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, तोंडात पदर कोंबून हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी राजेगावची हकीकत सांगितली. ती हसायची थांबली.

"माईत हाये मले," ती म्हणाली.

"मंग एवढं हासू येते, तं त्याहीच्या समोर काहून नाही हासत?"

तिनं पदरानं डोळे पुसले.

"हासली तं संवाद पक्का होईन ना. मंग उद्या चार वाजता थे कोनाच्या घरी जातीन?"