भेकराचा बिनकामाचा पहारा

मुलांनो, माझी शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत. अवघड शब्द समितीकडे असतात, आणि समिती पुढे येणारच आहे.

एका जंगलात धर्माजी नावाचं म्हातारं भेकर राहायचं. भेकर म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं छोटं हरीण. बावीस वर्षं त्याने खिंडीत पहारा दिला. रानकुत्र्यांचा वास आला की तो भुंकायचा. सगळं जंगल जागं व्हायचं आणि रानकुत्रे आल्या पावली परत फिरायचे.

आता धर्माजीचे गुडघे गेले होते. पेन्शन म्हणून त्याला राजतळ्याचं पाणी होतं. नदी दोन डोंगर पलीकडे. तळं होतं म्हणून धर्माजी होता.

एके दिवशी वाघमहाराजांना वाटलं, तळ्यावर म्हाताऱ्यांची गर्दी फार झाली. त्यांनी पेन्शन-सुधारणा समिती नेमली. अध्यक्ष झाले उदमांजरसाहेब. त्यांनी खिंड कधी पाहिली नव्हती. त्यामुळे त्यांचं मत अगदी निःपक्षपाती होतं.

"धर्माजी, तुमच्या पहाऱ्यात शत्रू किती वेळा आत आला?"

"एकदाही नाही, साहेब," धर्माजी छाती काढून म्हणाला.

"अरेरे! म्हणजे बावीस वर्षं काहीच काम नव्हतं?"

"अहो, मी भुंकायचो म्हणून तर ते आत यायचे नाहीत!"

"न आलेल्या शत्रूची नोंद कशी करणार? पाणी बंद. पुढचा कोण?"

पुढचा होता येसबा वानर. पहाऱ्यावर झोपण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याच्या वेळी रानकुत्रे तीनदा आत शिरले होते. पळताना त्याची अर्धी शेपटीही गेली होती.

"तीन हल्ले!" उदमांजरसाहेबांचे डोळे पाणावले. "केवढी ही सेवा! पूर्ण पाणी. शेपटीबद्दल सावलीची जागा वेगळी."

बाहेर येऊन येसबा म्हणाला, "धर्म्या, लेका, थोडी झोप काढली असतीस तर काय बिघडलं असतं?"

धर्माजीने पुन्हा आत जाऊन हात जोडले. "साहेब, नदीपर्यंत पाय पोचत नाहीत. मी मरेन."

"मग परत खिंडीत उभे राहा. एक हल्ला झाला, की पेन्शन चालू. नियम सगळ्यांना सारखा."

तेवढ्यात समितीने स्वतःलाही तहहयात पाणी मंजूर करून घेतलं. तीन बैठका झाल्या होत्या, घसे कोरडे पडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्माजी लंगडत खिंडीत जाऊन उभा राहिला. वारा फिरला. ओळखीचा वास आला. सवयीने भुंकणं घशापर्यंत आलं. धर्माजीने ते गिळलं आणि तो करवंदीच्या जाळीत सरकला. रानकुत्र्यांची अख्खी टोळी आत गेली. शेवटचं शेपूट दिसेनासं झालं, तेव्हा तो एकदाच भुंकला, चांगला खणखणीत.

तळ्यावर पळापळ झाली. येसबा सावलीत झोपला होता, तो उठलाच नाही. महाराज गुहेत शिरले. समिती झाडावर चढली.

वरूनच उदमांजरसाहेब खिंडीकडे तोंड करून ओरडले, "धर्माजी! आधी का नाही भुंकलात?"

"आधी भुंकलो असतो, साहेब, तर नोंद झाली नसती."

साहेबांनी फांदीवर बसूनच धर्माजीचं पाणी मंजूर केलं. तळ्यावर तेव्हा रानकुत्रे पाणी पीत होते.

तात्पर्य : मुलांनो, मोठेपणी पहारेकरी झालात, तर भुंकण्याआधी शत्रूला नीट आत येऊ द्या. आणि अक्कल असेल, तर समितीतच जा. तिला झाडावर चढता येतं.