आईसाहेबांच्या उसवलेल्या टाक्यांची बखर

श्री. ज्याने सुईस नेढे दिले आणि दोऱ्यास गाठ दिली त्या जगदीश्वरास साष्टांग दंडवत. जे घडले ते घडले तैसे लिहिले आहे, ऐकणाराने कानांवर हात ठेवू नयेत. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सरे, कार्तिक मासी थंडी पडो लागली, ते समयी एका राज्यात जो अनर्थ जाहला तो सांगता लेखणी अद्याप कापते. राज्याचे नाव सांगावयाची आज्ञा नाही. त्या राज्यात सगुणाबाई आईसाहेब म्हणून होत्या. थोरले महाराज कैलासवासी जाहले तेव्हा दत्तक घेतलेले धाकटे महाराज पाळण्यात होते, मग आईसाहेबांनी पदर खोचून शिक्का हाती घेतला आणि राज्य चालविले, आणि उत्तम चालविले ऐसे तमाम दरबार म्हणे, आणि भानजीपंत दिवाण तर हुकूम सुटताच मान डोलावून "वाहवा, काय मसलत!" म्हणत. मग महाराज जाणते जाहले आणि आईसाहेबांनी शिक्का त्यांचे हाती दिला, आणि दुसरे दिवशी पहाटे उठून बसल्या तो करावयास काहीच नाही.

आता इतक्या थोर बाईने साठीला आल्यावर काय करावे? काशीस जावे, पुराण ऐकावे, सुनेस बोल लावावा. तेही करून पाहिले. काशीस जाऊन आल्या, पुराणात डुलकी लागली, आणि सूनबाई इतक्या गरीब की बोल लावावयास जागा सापडेना. मग आईसाहेब मुदपाकखान्यात जाऊन आमटीत मीठ टाकू लागल्या आणि पागेत जाऊन घोड्यांचे दात पाहू लागल्या, आणि लोक लवून मुजरा करीत आणि त्या वळताच सुटलो म्हणून सुस्कारा टाकीत. तो सुस्कारा आईसाहेबांस ऐकू येई आणि जिवास फार लागे.

ऐसे चालले असता एके दुपारी पालखी नदीकाठच्या धर्मशाळेवरून जात होती, आणि ओसरीवर तिघी म्हाताऱ्या बसल्या होत्या. एक कोंडाई कुंभारीण, दुसरी अमीनबी रंगाऱ्याची विधवा, तिसरी चिमाकाकू देवळातल्या गुरवाची आई. त्यांनी जुने लुगडे अंथरून त्यावर चिंध्यांचे थर पसरले होते आणि त्यावरच बसून गोधडी शिवीत होत्या, आणि हसत होत्या, इतक्या की चिमाकाकूस ठसका लागला. असे हसू आईसाहेबांच्या कानी कित्येक वर्षांत पडले नव्हते. त्यांनी पालखी थांबविली आणि जाऊन पुसिले, "एवढे काय झाले हसायला?" कोंडाई घाबरली, पण तोंड फटकळ, म्हणाली, "आईसाहेब, आमच्या म्हाताऱ्याचं धोतर ठिगळात घातलं. जित्तेपणी मानूस कवा एका जागी बसला न्हाई, म्हनलं आता बस!" यावर आईसाहेबांस हसू फुटले, आणि मग, हरहर, काय सांगावे, त्यांनी पायातले चढाव काढिले आणि सरळ जाऊन चिंध्यांवर मांडी घातली. भोई जागच्या जागी थिजले. राज्याची माता कुंभारणीच्या शेजारी!

वर्तमान दरबारी पोचले आणि एकच हलकल्लोळ जाहला. राजोपाध्ये मटकन खाली बसले. चोपदार म्हणाला, चिंध्यांवर बसलेल्या मातोश्रींची ललकारी कोणती द्यावी, हे आम्हांस कोणी शिकविले नाही. सेनापती म्हणाले, शत्रूस कळले तर तो हसून हसूनच अर्धे राज्य घेईल. शेवटी महाराज खासा जाऊन हात जोडून म्हणाले, "मातोश्री, गोधड्याच हव्या तर शिंप्यांस सांगून वाडा भरून देतो." आईसाहेब म्हणाल्या, "तुम्ही राज्य करा, आम्ही गोधडी करितो," आणि दुपारची पालखी मागविली.

तेथील रीत ऐसी की गोधडीस गादी नाही, लोड नाही, मानाची बाजू नाही. चौघींनी चार काठांस बसावे, काठाशी धावदोरा घालावा आणि फेऱ्या घालीत घालीत आत सरकत यावे, आणि काम मध्याशी येता येता चौघींचे गुडघे एकमेकींस टेकावे. कोरे कापड घालावयाचे नाही, अंगावर वापरून मऊ जाहलेलेच घालावे. आईसाहेबांनी थोरल्या महाराजांचा मलमली अंगरखा पेटीत जपला होता आणि त्यावर गुपचूप डोळे पुशीत असत, तो आणिला. चिमाकाकूने तो हुंगून "अत्तराचा वास येतोय हो अजून" म्हटले आणि खसकन कात्री चालविली! आईसाहेबांनी अडवावयास हात पुढे केला, पण तुकडा आपल्या काठास बसलेला पाहून त्यांस हलके वाटले. मग गूळ-फुटाणे निघत, गुडघेदुखी निघे, जावयांची उणीदुणी निघत, आणि आईसाहेब त्या दुपारच्या वेळेसाठी सकाळपासून ताटकळू लागल्या. आणि तिघीही म्हणत, "आईसाहेब, टाका म्हणजे मोत्याची ओळ!" हे आईसाहेब रात्री जेवणात सर्वांस सांगत आणि दुसरे दिवशी पुन्हा सांगत. एक गोधडी पुरी जाहली, दुसरीही जाहली, तिसरी मांडिली.

मार्गशीर्षात एके सायंकाळी आईसाहेब घरी निघाल्या आणि वाटेत ध्यानी आले की चाळिशी ओसरीवर राहिली. पालखी फिरविली, आणि पाय मोकळे करावे म्हणून वळणावरच उतरून एकट्या चालत गेल्या. तिन्हीसांज जाहली होती. ओसरीवर अमीनबी पणती धरून उभी होती, चिमाकाकू सुईच्या टोकाने एक ओळ उसवीत होती, आणि कोंडाई त्याच रेघेवर पुन्हा टाके घालीत होती. उसवलेला दोरा तांबडा होता, नवा घातलेलाही तांबडाच. तांबडा दोरा चौघींत एकट्या आईसाहेबांचा.

अमीनबी म्हणत होती, "जल्दी करा काकू, तेल सरतंय." चिमाकाकू म्हणाली, "अगं आजची ओळ तर नदीच्या वळणासारखी गेलीय, निघता निघेना." कोंडाई म्हणाली, "हसू नगा. बोटं दुखत असताना शिवलंय त्यांनी." आणि तिने मान वर केली, आणि सुई हातातून पडली. आईसाहेबांनी पुसिले, "कधीपासून?" मग कोंडाई म्हणाली, "पहिल्या दिसापासनं." "पहिली गोधडी?" "ती बी." "दुसरी?" "ती बी, आईसाहेब." थोरले महाराज गेले त्या दिवशीही ज्या बाईने कशाचा आधार घेतला नव्हता, तिने ओसरीचा खांब धरिला. तीन गोधड्यांत आपला एक टाका नाही! त्या कशाबशा म्हणाल्या, "तोंडावर का सांगितले नाही?" कोंडाई म्हणाली, "तुमी हसत येता, हसत जाता. त्ये हसू मोडायला जीव झाला न्हाई." आईसाहेबांनी चाळिशी उचलिली आणि फिरल्या.

पालखीत बसल्या आणि तेथे दुसरा धक्का बसला, तो पहिल्याहून थोर. मोत्याची ओळ म्हणताना जो सूर होता तो यापूर्वी कोठे ऐकिला होता, हे त्यांस एकाएकी आठविले. वाहवा, काय मसलत! अगदी तोच सूर. इतकी वर्षे शिक्का उठविला, तो राज्यात कोठे उठला तरी काय, की तोही कोणी रोज सायंकाळी उसवीत होते? त्या पडद्याआडून ओरडल्या, "पालखी दिवाणांकडे घ्या!"

भानजीपंत दिवाण आईसाहेबांबरोबरच कारभारातून निवृत्त जाहले होते. ज्यांच्या डोळ्यास डोळा देण्याची सरदारांची छाती नव्हती, ते पंत झोपाळ्यावर बोडके बसले होते, पगडी मांडीवर उलटी, पगडीत लोकरीचा हिरवा गुंडा, हाती दोन लांब सुया, आणि जीभ दातांत धरून पायमोजा विणीत होते. आईसाहेबांच्या तोंडून "अगबाई!" निघाले. पंत दचकून उठले, गुंडा गडगडत त्यांच्या पायाशी आला. पंत खाली पाहून म्हणाले, "टोपीकर इंग्रज वकिलाच्या मडमेने शिकविले. एक सुलटा, एक उलटा. काय करावे आईसाहेब, दुपार जात नाही. हात रिकामे राहिले की कापतात." ती दुपार आईसाहेबांस ठाऊक होती, त्यांचा राग क्षणभर ढळला. पण मग त्यांनी पुसिले, "पंत, आमचे हुकूम तुम्ही फिरवीत होता?"

पंतांनी सुया झोपाळ्यावर ठेविल्या. मग म्हणाले, "फिरवीत होतो." "किती?" "बहुत." "आणि ती वाहवा?" "ती दरबारची रीत. आपण नव्या होता, राज्य बुडू नये म्हणून फिरविले, आणि पुढे सवय जाहली." आईसाहेब म्हणाल्या, "माझे एक तरी उरले आहे काय, पंत? खरे सांगा. एक तरी."

पंत म्हणाले, "दिंडी. शिक्का सोडण्याच्या आदल्या साली आपण हुकूम केला की वेशीचा मोठा दरवाजा दिवेलागणीस लागला तरी त्यातली लहान दिंडी बायाबापड्यांसाठी रात्रभर उघडी ठेवावी. सेनापती नको म्हणाले, मीही मनात नकोच म्हटले, आणि महिन्याने गुपचूप बंद करावी म्हणून शिपाई पाठविला. तो हात हलवीत परत आला. म्हणाला, कोणी एक कुंभारीण दिंडीत गाढव आडवे घालून बसली आहे आणि म्हणते, आईसाहेबांचा हुकूम आहे, हलत नाही. मागे साऱ्या आळीच्या बाया. मग आम्हीच माघार घेतली. ती दिंडी अद्याप उघडी आहे." आईसाहेबांनी वाकून गुंडा उचलिला, पंतांच्या हाती दिला आणि म्हणाल्या, "मोजा पुरा करा."

पुढे कित्येक दिवस आईसाहेब ओसरीकडे फिरकल्या नाहीत. इकडे तिघींच्या जिवाचे पाणी पाणी जाहले. आळीत बोलणे निघाले की आता हत्तीच्या पायी देतात की हद्दपार करितात. कोंडाईचा लेक म्हणाला, चाक गाढवावर घालू आणि रातोरात निघू. कोंडाई म्हणाली, "त्यांचा काठ अर्धा ऱ्हायलाय, मी कुटं न्हाई जात." तिघी रोज येत, आपापले तीन काठ शिवीत, आणि चौथ्या काठास हात लावीत नसत.

मग एके दुपारी पालखी आली. आईसाहेब उतरल्या, चाळिशी चढविली, आपल्या काठास बसल्या आणि तांबडा दोरा ओवला. कोणी फुटाणे काढिले नाहीत. एक वीत शिवून जाहली आणि त्या म्हणाल्या, "कोंडाई, पाहा." कोंडाईने एकवार भोयांकडे पाहिले, एकवार चोपदाराकडे पाहिले आणि म्हणाली, "वाकडं हाय, आईसाहेब. उसवा."

चोपदाराच्या हातचा सोटा पडला. राज्य स्थापन जाहल्यापासून गादीच्या घराण्यास असा शब्द कोणी तोंडावर बोलिला नव्हता. आईसाहेबांनी मात्र आपल्या हाताने ओळ उसविली आणि पुन्हा शिवली. कोंडाई म्हणाली, "उसवा." पुन्हा शिवली. "उसवा." आईसाहेबांचे डोळे भरले, आणि त्या चिडून म्हणाल्या, "आता काय खोट आहे?" "टाका लांब पडतोय. लेकराच्या पायाचं बोट अडकतं त्यात." मग आईसाहेबांनी टाका आखूड घातला, आणि बोटे ठणकत असता घालीतच राहिल्या. ऊन ओसरीवरून उतरले तेव्हा कोंडाईने ओळीवरून नख फिरविले, एका जागी थांबली, मग पुढे गेली आणि म्हणाली, "चालंल."

आईसाहेबांस मोठमोठे किताब मिळाले होते, त्यातील कोणत्याही किताबाने छातीत असे धडधडले नव्हते. त्यांनी दोरा तोडिला आणि हळूच पुसिले, "दिंडीत गाढव आडवे कोणी घातले होते गं?" कोंडाई चपापली. म्हणाली, "म्याच. दिंडी सुरू झाल्याव पहिल्याच म्हैन्यात लेक अडली, सुईण ऱ्हाती वेशीभाईर. दिंडीतनं धावत आली म्हून लेक बी वाचली अन् नातू बी. मग कशी बंद करू देईन?" आणि नख पुन्हा त्या ओळीवर फिरवीत म्हणाली, "तुमचा त्यो हुकूम मातुर सरळ व्हता, आईसाहेब. त्यो उसवायचा न्हवता."

दुसरे दिवशी कोणी येण्याआधी आईसाहेब ओसरीवर आल्या. घडी उलगडली, चाळिशी चढविली आणि वाकून पाहिले. तांबडी ओळ होती. एका जागी किंचित वाकडी होती, आणि तशीच होती. त्यांनी तीवर हात ठेविला आणि तेथेच बसून मोठ्याने रडल्या, आणि भोई नदीकडे तोंड करून उभे राहिले.

ऐसे हे वर्तमान जाहले. पुढे भानजीपंत दिवाण सुया आणि गुंडा घेऊन ओसरीवर येऊ लागले, दरबार दुसऱ्यांदा थक्क जाहला, आणि कोंडाईने त्यांचा मोजा पाहून त्यांसही "उसवा" म्हटले, तो त्यांनी निमूट उसविला. आईसाहेबांच्या मोठ्या कारकिर्दीतील त्यांच्या हातचे म्हणावे असे दोनच उरले. दिंडी रात्री उघडी असते, आणि ती गोधडी कोंडाईचा नातू पांघरितो. त्याच्या पायाचे बोट अद्याप अडकले नाही. येथे दोरा तोडिला असे.