अस्सल चव उपसमिती

परदेशात पगार नीट सुरू झाला, घराला दोन न्हाणीघरं झाली आणि मुलं आपल्याशी परक्या भाषेत भांडू लागली, की माणसाला मायदेशातल्या बर्गरची आठवण येते. हा आजार नसून अधिकार आहे, असा ठराव आमच्या मंडळाने एकमताने संमत केला. बर्गर मुळात कुठला, हा प्रश्न विषयपत्रिकेवर नव्हता.

ठराव मांडायला अध्यक्ष उभे राहिले. "कॉलेजसमोरचा तो बर्गर... ती तिखट चटणी... तो करपलेला पाव..." यापुढे त्यांना बोलवेना. त्यांच्या पत्नीने त्यांना पाणी दिलं आणि शेजारच्या बाईंना हळूच सांगितलं, "तिकडे असताना मला एकदासुद्धा नेलं नाही हो. म्हणायचे, घाणेरडी जागा आहे, आपल्यासारख्यांनी जायची नाही."

मंडळाने तातडीने पावलं उचलली. कॉलेजसमोरच्या त्याच दुकानात वर्षानुवर्षं तव्यामागे उभ्या असणाऱ्या, सगळ्यांच्या मामांना सहकुटुंब बोलावून दुकान थाटून दिलं. परवान्यात एकच अट होती: मंडळाची शिफारस आहे तोवर मामांचा मुक्काम. शिफारस गेली की मामा, मामी आणि इथल्या शाळेत नुकतीच रुळलेली त्यांची मुलगी, तिघांनी सामान बांधायचं. मंडळाचा सचिव या नात्याने शिफारशीखाली सही माझी होती.

उद्घाटनाला सगळे जमले. चटणी तीच, पाव तसाच करपवलेला, हातही तेच. अध्यक्षांनी घास घेतला, डोळे मिटले, बराच वेळ चावलं आणि डोळे उघडले.

"चांगला आहे," ते म्हणाले.

मामांचा चेहरा पडला. आमची माणसं 'चांगला आहे' कधी म्हणतात, हे त्यांना ठाऊक होतं.

"म्हणजे तसा नाही लागत हो," अध्यक्षांनी खुलासा केला, आणि अस्सल चव उपसमिती नेमण्यात आली.

उपसमितीला पहिला दोष आढळला तो स्वच्छतेचा. मामांनी फरशी पुसणं थांबवलं. मग टेबल डुगडुगत नसल्याचं निदर्शनास आलं. मामांनी एका पायाखालून करवत फिरवली. कागदी रुमाल जाऊन वर्तमानपत्राचे तुकडे आले. समाधानकारक प्रगती आहे, परंतु आत्मा नाही, असा शेरा उपसमितीने मारला.

"आत्मा कुठून आणू, साहेब?" मामांनी मला विचारलं. "तिकडे तरी मी कुठे घालत होतो?"

शेवटी उपसमितीतल्या दातांच्या डॉक्टरांना आठवलं, की तिकडे आपल्यावर कुणीतरी खेकसायचं. मामांना खेकसता येईना, म्हणून ते खातं मामींकडे गेलं. मामी आधी "जरा लवकर आटपा हं" इथवरच पोचल्या. पण मुलीच्या शाळेचा विचार केल्यावर त्यांना गळा सापडला.

"खाऊन झालं ना? मग उठा की! टेबल काय सासऱ्याने दिलंय?"

डॉक्टर भारावून उठले आणि पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून परत बसले.

आरडाओरड्याची तक्रार शेजाऱ्यांनी केली आणि सरकारी निरीक्षक आले. अपमान हा आमचा सांस्कृतिक वारसा असल्याचं निवेदन आम्ही सर्वांच्या सह्यांनिशी दिलं. निरीक्षकांनी ते दोनदा वाचलं. वारसा जपण्यास त्यांची हरकत नव्हती. मात्र अपमान सर्वांचा समान व्हावा आणि खाणं ज्याच्या त्याच्या क्रमानेच मिळावं, असा लेखी आदेश देऊन ते गेले. मामांनी टोकन देणारं यंत्र बसवलं.

इथूनच परिस्थिती चिघळली. पुढच्या सुट्टीला अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन आले, तेव्हा त्यांच्यापुढचं टोकन त्यांच्याच कंपनीतल्या ड्रायव्हरकडे होतं. तोही आपलाच माणूस. त्याला आधी मिळालं.

"साहेब, आज एकदम मस्त झालाय!" ड्रायव्हर भरल्या तोंडाने म्हणाला.

अध्यक्षांचा बर्गर त्याच तव्यावरचा होता. एक घास घेऊन त्यांनी तो खाली ठेवला.

"माती आहे, माती! ही समाजाची फसवणूक आहे. शिफारस मागे घ्या."

मी मसुदा तयार केला. नियमानुसार एकदा शेवटची चव घेणं भाग होतं. त्या दिवशी रांग दारापर्यंत आली होती. मामी खेकसायचं विसरल्या होत्या. मुलगी डुगडुगत्या टेबलावर गृहपाठ करत होती, आणि नेमकं यंत्र अडकलं. रांगेच्या शेवटी अध्यक्ष उभे आहेत हे दिसताच मामांना राहवलं नाही. त्यांनी सगळ्यांच्या डोक्यांवरून हात लांब केला.

"साहेब, तुम्ही घ्या आधी! तुमचं का हे उभं राहायचं वय आहे?"

"आणि आम्ही काय विजेचे खांब आहोत?" पुढे उभा असलेला ड्रायव्हर म्हणाला.

"अहो, मी केव्हाची उभी आहे! ड्यूटीवर जायचंय मला," एक नर्स काकुळतीने म्हणाली.

अध्यक्षांनी घास घेतला. रांग कुरकुरत होती. त्यांनी ड्रायव्हरकडे पाहिलं, नर्सकडे पाहिलं, आणि त्यांचं चावणं हळूहळू मंद झालं. डोळे भरून आले.

"हीच!" ते म्हणाले. "हीच ती चव!"

त्यांनी मामांना मिठी मारली. मग उपसमितीलाही रांगेच्या डोक्यांवरूनच एकेक बर्गर मिळाला, सचिव म्हणून मलाही. खोटं कशाला सांगू, कॉलेज डोळ्यांसमोर उभं राहिलं. मसुदा तिथेच फाडला. यंत्रावर 'दुरुस्ती चालू आहे' अशी पाटी लागली, ती अजून आहे.

अडचण एवढीच झाली, की ड्रायव्हर आणि नर्स यायचे बंद झाले. मग बाकीचेही. रांग संपली, आणि चव पुन्हा गेली. मामांचा चेहरा पुन्हा पडला. या खेपेला मात्र उपसमितीने दिरंगाई न करता परिपत्रक काढलं: मायदेशातून नव्याने आलेल्या आणि मुक्कामासाठी मंडळाची शिफारस लागणाऱ्या बांधवांनी सुट्टीच्या दिवशी दुकानात रांग लावावी. ही समाजसेवा समजण्यात येईल. पुढे सरकण्याची अपेक्षा ठेवू नये. कुरकुर स्पष्ट असावी, परंतु वैयक्तिक नसावी.

निरीक्षक एकदा येऊन गेले. "ही माणसं कशासाठी थांबली आहेत?" त्यांनी विचारलं. "शिफारशीसाठी," मी खरं तेच सांगितलं. त्यांना त्यात गैर काही आढळलं नाही.

मामांचं आता उत्तम चाललंय. परवा हिशेबानंतर मला म्हणाले, "साहेब, मुलगी विचारत होती, ती माणसं दर वेळी न खाताच का जातात?"

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, तू शाळा नीट शिक."

तुम्ही कधी इकडे आलात तर जरूर या. दाराशी घुटमळू नका; सरळ गल्ल्यापाशी जा आणि सचिवांचे पाहुणे म्हणून सांगा. "छे छे, आम्ही राहू की रांगेत," असं तुम्ही म्हणाल. सगळेच म्हणतात, तेवढं म्हणून होईपर्यंत मामा बर्गर हातात धरून थांबतात. घास घेतलात की मात्र एकदा मान वर करून रांगेकडे बघा. न बघता खाल्लात, तर तो नुसता बर्गर लागतो.