थाप मारण्याचे अधिकृत शिक्षण

एखादे काम येणे आणि ते काम येते असे सिद्ध होणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मागासलेल्या संस्था पहिलीवर भागवतात. प्रगत संस्थांना दुसरी पुरते.

मावशी ज्या साबणाच्या कारखान्यात कामाला होत्या, तो गेल्या वर्षापर्यंत मागासलेलाच होता. तेवीस वर्षे तिथे साबणाच्या वड्या कागदात गुंडाळल्या जात, खोक्यात भरल्या जात आणि ट्रकमधून रवाना होत. आणि हे सगळे करणाऱ्यांपैकी एकाकडेही आपल्याला ते करता येत असल्याचा लेखी पुरावा नव्हता. (आधीच्या पिढीने केवढा धोका पत्करला, याची यावरून कल्पना यावी.)

मावशींकडे तीन नंबरचे गुंडाळणी यंत्र होते. त्याला सगळे आत्याबाई म्हणत, कारण ते विनाकारण रुसायचे. दिवसातून चार-पाच वेळा आत्याबाईंचा आवाज बदले. खट-खट-खट चालले असताना मध्येच खटाक होई, कागद अडके, आणि मावशी हातातले काम न सोडता डाव्या अंगाच्या पत्र्यावर तळहाताने एक थाप देत. लगेच आत्याबाईंचा संसार पुन्हा सुरळीत. नवा माणूस आला की मावशी त्याला दोन दिवस शेजारी उभा करत आणि म्हणत, "बघ." तो बघे. तिसऱ्या दिवशी त्याला येई. इतकी ही पद्धत अशास्त्रीय होती.

पुढे कारखान्यात कर्मचारी विकास विभाग स्थापन झाला आणि कोर्सवाल्या बाई आल्या. बाई जीव तोडून काम करणाऱ्या होत्या. कोर्स कसा तयार करावा, याचा कोर्स त्यांनी केला होता. आणि तसला कोर्स कसा तपासावा, याचाही. वही, मोबाईल आणि केसांवरची जाळी एकाच वेळी सांभाळत त्या मावशींपाशी स्टुलावर बसल्या.

"मावशी, तुमच्या डोक्यात जे ज्ञान आहे ना, ते आपल्याला बाहेर काढायचंय."

"काढा की. पण मी हात चालू ठेवते हं, माल येतोय."

"थाप नक्की केव्हा मारायची?"

"खटाक झालं की."

"आणि किती जोरात?"

मावशींनी विचार केला. "नवरा घोरायला लागला की आपण मारतो ना, तेवढी."

बाईंचे लग्न झालेले नव्हते. त्यांनी वहीत लिहिले : 'बल – मध्यम (घरगुती).'

"आणि तेवढ्यानं नाही भागलं तर?"

"तर अजून एक."

मुलाखत चार मिनिटांत आटोपली. तिच्यातून सहा तास चाळीस मिनिटांचा ऑनलाइन अभ्यासक्रम अवघ्या सात आठवड्यांत तयार झाला. नाव, 'थाप : पायाभूत ते प्रगत'. प्रकरणे चौदा. पहिल्यात थापेचा इतिहास होता. दुसऱ्यात मोठ्या साहेबांचे मनोगत होते. आज आपण ज्या खुर्चीवर आहोत तिथे थापेमुळेच पोहोचलो, असे त्यांनी कॅमेऱ्याकडे बघून प्रांजळपणे सांगितले. तिसऱ्यापासून शिकवायला एक कार्टूनमधली साबणाची वडी येई. तिला डोळे आणि पापण्या होत्या, आणि ती दर मिनिटाला "शाब्बास!" म्हणे. खुद्द थाप नवव्या प्रकरणात होती. अकराव्यात यंत्र बंद कसे करावे ते होते, पण तिथे तूर्त 'लवकरच येत आहे' एवढेच लिहिले होते.

फलकावर सूचना लागली : 'महिनाअखेरपर्यंत प्रत्येक कर्मचाऱ्याने थापा मारण्यात प्रावीण्य मिळवावे. अन्यथा त्यास यंत्रावर उभे राहता येणार नाही.' (आमच्या लोकांचा या विषयातला प्रदीर्घ अनुभव ध्यानात घेऊन आम्हाला सूट मिळावी, असा अर्ज विक्री विभागाने केला. तो त्याच दिवशी मंजूर झाला.)

मावशी परीक्षेला बसल्या. प्रश्न सतरावा असा होता : थाप मारताना कर्मचाऱ्याच्या मनात कोणती भावना असावी? (अ) राग. (आ) आपुलकी. (इ) संस्थेच्या ध्येयधोरणांशी सुसंगत अशी हेतुपूर्ण तटस्थता. (ई) काहीही नाही.

मावशींना राग यायचा. त्यांनी 'राग' टिचकवला.

चौतीस टक्के पडले. मावशींनी अभ्यास केला आणि पुन्हा बसल्या, तेव्हा एकतीस पडले. मग त्यांनी डब्याच्या सुट्टीतही अभ्यास केला, तेव्हा अठ्ठावीस. दर खेपेला पडद्यावरची वडी खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात "अरेरे! हरकत नाही हं!" म्हणायची, आणि मागच्या खुर्च्यांवरची माणसे आपापल्या चपलांकडे बघायची.

"बाई, अहो, हे मीच सांगितलं होतं तुम्हाला," मावशी म्हणाल्या.

"हो मावशी, पण तेव्हा ते तुमचं होतं," बाई मऊपणाने म्हणाल्या. "आता ते प्रमाणित झालंय."

त्या संध्याकाळी मावशींनी भाजीत दोनदा मीठ घातले. त्यांची सून एका विमा कचेरीत होती. तिच्याकडे एकोणीस प्रमाणपत्रे होती, त्यांत आग विझवण्याचे आणि आनंदी राहण्याचेही होते. पहिल्या घासालाच तिने ओळखले.

"आई, नापास झालात ना? अहो, त्यात काही नसतं. सगळ्यात लांबलचक उत्तर असतं ना, ते टिचकवायचं. वाचायचं नाही."

"पण मला राग येतो, तर राग येतो असंच सांगणार ना मी?"

सुनेने भाजीची वाटी बाजूला सारली. इतका मूलभूत गैरसमज जेवताना दूर होण्यासारखा नव्हता.

महिना संपला. मावशींना गोदामात पाठवण्यात आले, खोक्यांवर 'ही बाजू वर' अशा चिठ्ठ्या चिकटवायला. (त्या कामाचा कोर्स अजून व्हायचा होता, म्हणून ते कुणालाही येत असे.) तेवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना कामाच्या वेळी काही ऐकू येत नव्हते. त्या चिठ्ठी लावत आणि भिंतीपलीकडे कान देत. आत्याबाईंपाशी आता लेखा विभागातले एक सद्गृहस्थ उभे केले होते. परीक्षेत त्यांना सर्वाधिक, म्हणजे शहाण्णव टक्के मिळाले होते. ते यंत्र त्यांनी त्याआधी फक्त चित्रात पाहिले होते, त्यामुळे त्यांचे मन कोरे होते.

पुढच्याच मंगळवारी आदर्श प्रशिक्षणाच्या पुरस्कारासाठी तीन परीक्षक कारखाना बघायला आले. मोठे साहेब आणि कोर्सवाल्या बाई त्यांना घेऊन आत्याबाईंसमोर उभे राहिले, आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी खटाक झाले.

"झालं वाटतं," फोरमन म्हणाला.

"खटाक झालं की खटॅक?" शहाण्णव टक्केवाल्यांनी विचारले. "खटॅकला तीस सेकंद निरीक्षण करायचं असतं."

"अहो, मारा ना!"

"आधी निर्णय व्हायला हवा. निर्णयाचं प्रमाणपत्र कुणाकडे आहे?"

ते दुसऱ्याच एका बाईंकडे होते, आणि त्या नेमक्या तेव्हा वेळेच्या नियोजनाचा कोर्स करत बसल्या होत्या. दरम्यान मागून वड्या येतच होत्या. त्यांचा आधी ढीग झाला, मग डोंगर झाला, मग तो पट्ट्याखाली गेला आणि त्याचा भुगा झाला. पट्ट्याची मोटर तापली आणि धुराची एक बारीक रेघ वर गेली. छताला आग विझवण्याचे फवारे होते. त्यांनी कोणताही कोर्स केलेला नसल्याने ते ताबडतोब सुरू झाले.

साबणाचा भुगा, भरपूर पाणी आणि घुसळणारा पट्टा एकत्र आल्यावर काय होते, हे अभ्यासक्रमात नव्हते. तरी सगळ्यांना ते लगेच समजले. दोन मिनिटांत फेस घोट्यापर्यंत आला, पाच मिनिटांत कमरेला लागला. एक परीक्षक "अत्यंत सहभागात्मक!" असे लिहीत असताना वहीसकट घसरले आणि चार नंबरच्या यंत्रापाशी उगवले. मोठे साहेब एका पायावर तोल सावरत होते, कारण दुसऱ्या पायातला बूट पोहत निघाला होता. बेचाळीस प्रमाणपत्रधारक आत्याबाईंभोवती गोल करून उभे होते आणि एकानेही चूक केली नाही, कारण एकानेही काही केले नाही.

गोदामाच्या दाराखालून फेस आत आला, तेव्हा मावशींच्या हातात चिठ्ठी होती. तो हात त्यांनी तसाच छातीवरच्या पदराला पुसला, चिठ्ठी तिथेच चिकटली, आणि छातीवर 'ही बाजू वर' घेऊन त्या फेसातून चालत आल्या.

"सरका."

"मावशी, थांबा!" बाई कठड्याला लोंबकळत ओरडल्या. "तुम्ही अपात्र आहात!"

"हो ना," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी थाप मारली. तिच्यात राग किती आणि आपुलकी किती, हे मोजण्याची सोय त्या क्षणी उपलब्ध नव्हती.

आत्याबाई सुरू झाल्या. इतक्या दिवसांची साठलेली माया उतू जावी तशा सुरू झाल्या. त्यांनी वड्या गुंडाळल्या, परीक्षकांची वही गुंडाळली, वाटेत आलेला मोठ्या साहेबांचा बूटही गुंडाळला, आणि त्यावर 'नाजूक त्वचेसाठी' असे छापील वेष्टन चढवून तो खोक्यात टाकला. कोणीतरी फिस्सकन हसले. मग सगळेच हसले, फेसात बसकण मारून, पोट धरधरून. हसण्याचे प्रमाणपत्र कुणाकडेही नसताना.

रीतसर चौकशी झाली. निष्कर्ष असे निघाले : फेसाचा दर्जा उत्तम होता. प्रमाणित कर्मचाऱ्यांनी शिस्त पाळली. यंत्र अपात्र हाताने सुरू झाले असल्याने ते तांत्रिकदृष्ट्या अद्याप बंद समजावे. (पुरस्कार मिळाला.)

बंद समजलेल्या यंत्रातून रोज नऊ हजार वड्या बाहेर पडू लागल्या, तेव्हा त्यांचे करायचे काय, असा पेच आला. तोडगा एकच होता. मावशींनी शुक्रवारच्या आत, मागील तारखेपासून, उत्तीर्ण व्हायचे. मावशींनी सुनेचा सल्ला आठवला, डोळे बारीक करून फक्त ओळींची लांबी पाहिली आणि अकरा मिनिटांत शंभर टक्के मिळवले. "शाब्बास!" वडी ओरडली. मावशींना काही विशेष आनंद झाला नाही, पण वडीला खरोखरच झाला होता.

शंभर टक्के कुणालाच नव्हते, म्हणून मावशींना मुख्य प्रशिक्षक केले. त्यांनी पहिल्याच दिवशी कोर्सवाल्या बाईंना मोबाईल ठेवायला लावला आणि आत्याबाईंशेजारी उभे केले. "बघा," म्हणाल्या. बाई दोन दिवस बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी खटाक झाले, बाईंचा हात आपोआप गेला आणि यंत्र चालू लागले.

"आलं!" बाई जागच्या जागी उड्या मारत किंचाळल्या. "मावशी, मला आलं!"

"मग? एवढंच तर असतं."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. इतकी सुंदर गोष्ट एका कारखान्यापुरती राहावी, हे त्यांना सहन होईना. त्यांनी लगोलग कॅमेरा लावला आणि नवा ऑनलाइन अभ्यासक्रम काढला : 'सान्निध्य'. त्यात दोन पूर्ण पाळ्या, म्हणजे सोळा तास, मावशी यंत्राशी काम करताना दिसतात. बाकी काही नाही. तो कारखान्यांनी घेतला, मग बँकांनी, कचेऱ्यांनी, शाळांनी, ज्यांच्याकडे यंत्र नाही अशा सर्वांनी घेतला. आजवर दोन लाख चाळीस हजार लोकांनी तो यशस्वीरीत्या पूर्ण केला आहे. पूर्ण करण्यास लागणारा सरासरी वेळ नऊ मिनिटे आहे.

चौदाव्या तासाला मावशींना एकटीला कंटाळा येतो. त्या हात पुसतात, कॅमेऱ्याकडे वळतात आणि म्हणतात, "कोण बघतंय रे बाळा एवढा वेळ? खरंच बघत असशील तर ये एकदा. फाटकावर मावशी म्हणून सांग. लिंबाच्या वासाच्या दोन वड्या काढून ठेवल्यात तुझ्यासाठी."

त्या वड्या फाटकावरच्या खिडकीत तशाच आहेत. उत्तीर्णांच्या यादीत तुमचेही नाव आहे, गुण शंभर. तुम्ही कधी येताय, असे मावशी विचारत होत्या.